एक्केचाळीस मिनिटांवरचं घर

व्हँकुव्हरहून निघालेलं यान एक्केचाळीस मिनिटांत सांगलीला उतरलं. पूर्वी या प्रवासाला तीस तास लागायचे, तेव्हा मकरंद दर दिवाळीला येऊन महिनाभर राहायचा. यानं सुरू झाल्यापासून मात्र ‘काय, कधीही जाता येईल’ म्हणता म्हणता सहा वर्षं उलटली होती.

“मिळाली का सवड, दादा?” दार उघडत धाकटी बहीण मंजिरी म्हणाली.

आत अण्णांनी चष्मा लावून त्याला न्याहाळलं आणि अदबीने खुर्ची पुढे केली. “बसा. आमच्या चिरंजीवांचे मित्र का आपण?”

मकरंद त्यांच्या पाया पडायला वाकला. “अण्णा, मी...”

“तो कॅनडात असतो,” अण्णा त्याची समजूत घालत म्हणाले. “फार लांब आहे हो ते. जवळ असता तर आला असता.”