क्लेअरबाईंचं दुकान

रोशेलच्या मातीच्या भांड्यांना इंटरनेटवर गिऱ्हाईकच मिळेना. शेवटी तिने दुकानाच्या पानावरून आपला काळ्या चेहऱ्याचा फोटो काढून टाकला, ‘क्लेअर ॲशबी’ असं गोऱ्या बाईचं नाव लावलं आणि ऑर्डरींची रीघ लागली.

बाल्टिमोरच्या शनिवारच्या बाजारात एका काळ्या आजींनी तिच्या टेबलावरची ‘क्लेअर ॲशबी’ ही पाटी वाचली आणि एक वाडगा उचलला. “काय सुरेख गं! पोरी, तू या क्लेअरबाईंकडे कामाला का?”

शेजारीच दोन गोरी गिऱ्हाइकं भांडी निवडत होती. रोशेल मान खाली घालून म्हणाली, “हो, आजी.”

आजींनी वाडगा अलगद परत ठेवला आणि तिच्या पाठीवर थोपटलं.

“मी आपल्या पोरींच्याच हातचं घेते, बाळा. तू स्वतःचं दुकान काढलंस की मला कळव हं. पहिलं गिऱ्हाईक मी!”