ओ

हॅनोव्हर स्टेशनवर भरदुपारी ड्रेस्डेनची गाडी यायच्या बेतात होती आणि शैलाताईंच्या पोटात कावळे कोकलत होते. पद्माकररावांनी मुलाकडे येऊन महिना झाला तरी जर्मनचा एक शब्द शिकायचं नाव घेतलं नव्हतं. म्हणून त्यांना सामानापाशी बसवून ताईच भिंतीतल्या काचेच्या खणांकडे गेल्या. नाणं टाकलं की झडप उघडायची आणि आतला गरम बटाट्याचा रोल घ्यायचा.

नाणं आत गेलं, पण झडप काही हलेना.

"अहो, हे उघडत नाहीये!" त्या मागे न बघताच ओरडल्या.

"ओ, आलो!"

आवाज खणातून आला. पद्माकररावांचाच घोगरा गळा, पाठोपाठ त्यांचाच खोकला.

त्या गर्रकन वळल्या. पद्माकरराव लांब बाकावर ओठ मिटून बसले होते.

"अहो?" त्यांच्याकडे बघतच ताईंनी पुन्हा हाक मारली.

त्यांचे ओठ हलले नाहीत.

"ओ!" या वेळी अगदी काचेला लागून.

तेवढ्यात गाडी आली. ताईंनी धावत जाऊन नवऱ्याचा दंड धरला, सामानासकट त्यांना डब्यात चढवलं. दारं मिटता मिटता त्या भिंतीकडून हाक आली, "शैला, अगं थांब, मी राहिलो!"

"अहो, ऐकलंत?"

पद्माकररावांनी काही न कळल्यासारखी मान तिरकी केली आणि हसून, अगदी सफाईदार जर्मनमध्ये विचारलं, "वी बिटे?"