स्मरणातली भैरवी

सौरवादळात मोरेश्वर साठ्यांनी जमवलेल्या मैफलींच्या चार हजार टेपा पुसल्या गेल्या. त्यांतली एक भैरवी आता जगात फक्त त्यांच्या स्मरणात उरली होती. ध्वनिसंग्रह केंद्रातलं यंत्र ती मेंदूतून उतरवून घेणार होतं; पण उतरवलेलं गाणं माणसाला पुन्हा कधीच आठवत नसे.

“बाबा, नका ना देऊ,” त्यांची मुलगी शाल्मली म्हणाली. “आयुष्यभर हेच तर जपलंत.”

“म्हणूनच देतोय. माझ्याबरोबर संपायला नको.”

यंत्र सुरू झालं. साठ्यांचे ओठ भैरवी गुणगुणत होते, ते एकदम थांबले.

मग खोलीत भैरवी घुमली. साठे ताडकन उठून बसले.

“कोण गातंय गं? काय आवाज आहे! थांब, पहिल्यापासून लाव. हे टेप करून ठेवायलाच हवं!”