सोनाबाईंच्या नावाची पट्टी

पनवेलच्या एका वाचनालयात मासिकांच्या वर्गण्या लोक गेलेल्या माणसांच्या नावानं भरायचे, म्हणून कव्हरवर डकवायच्या पट्ट्यांवर ‘यांच्या स्मरणार्थ’ आधीच छापलेलं असायचं. करंजाहून मासळी विकायला येणाऱ्या सोनाबाईंनी २००९मध्ये मुलांच्या मासिकाची वर्गणी भरली, तेव्हा ग्रंथपाल प्रांजलनं सवयीनं तसल्याच पट्टीवर त्यांचं नाव लिहिलं. पहिला अंक आला त्या दिवशी सोनाबाई रिकामी पाटी दाराशी ठेवून आत आल्या आणि पट्टीवर बोट फिरवत मोठ्यानं वाचू लागल्या. शेवटच्या शब्दावर बोट थांबलं, तशी प्रांजल चपापली. बाजारातल्या बाकीच्या बायाही वर्गणी भरणार होत्या. आता कुठल्या भरतात! “चुकलंच, मावशी! लगेच काढते,” म्हणत तिनं पट्टीला नख लावलं. सोनाबाईंनी वर तळहात ठेवला. “ऱ्हाऊ दे गो. मेल्यावर लावली असती, त मना माजं नाव वाचायला मिललं असतं का?”