वाकडा भाला

फार पूर्वी आमच्या थीब्ज शहरात पहिल्या राजानं नागाचे दात पेरले, तेव्हा जमिनीतून भाल्यांसकट माणसं उगवली. तेच माझ्या सासरचे मूळपुरुष. म्हणून या घराण्यातलं प्रत्येक मूल डाव्या खांद्यावर भाल्याची खूण घेऊनच जन्मतं. माझ्या नवऱ्याची खूण जराशी वाकडी आहे, पण सासरे तीच चारचौघांत कौतुकानं दाखवतात. म्हणतात, "लढून वाकलाय हा भाला."

माझ्या बाळाचा खांदा मात्र कोरा निघाला. उद्या नाव ठेवायच्या आधी सासरे भाऊबंदांसमोर तो बघणार होते. खूण नसली, तर बाळ डोंगरावर टाकायचं आणि आईला माहेरी हाकलायचं, ही इथली रीत.

मी सासूबाईंचे गुडघे धरले. "आई, लग्न राखणाऱ्या हेरामातेची शपथ, बाळ तुमच्याच मुलाचं आहे हो."

उठून त्यांनी दार लावलं, खांद्यावरची वस्त्राची टाचणी काढली आणि निखाऱ्यात खुपसली.



"घट्ट धर त्याला. तुझ्या नवऱ्याच्या वेळी माझा हात थरथरला, म्हणून त्याचा भाला वाकडा आला."