पहिले दार

दुपारची भरती चढत होती आणि खाडीबांधातल्या उघाडीचे, म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याच्या वाटेचे, लोखंडी दार बंद होत नव्हते. रोह्याच्या कार्यालयात निशिगंधेच्या कानाशी फोन होता. पलीकडे पेणच्या बांधावर तिचे वडील, हिरामण.

"निशा, खारं पानी आत शिरतंय गो! घटकाभरात शेतं गेली समज."

दार हाताने फिरवायचे चाक महिन्यापूर्वी तिनेच काढायला लावले होते. आता दार केवळ तिच्या प्रोग्रॅमचे ऐके, आणि तो कालच नव्याने बिल्ड केला होता, म्हणजे साऱ्या फाईली जोडून तयार केला होता. पाणी अडीच मीटरला पोहोचताच दार मिटायला हवे होते. ते मात्र आठ मीटरची वाट पाहत होते. आठ हा जुना आकडा, मर्यादा फुटांत मोजत तेव्हाचा.

मर्यादेची नवी फाईल तिच्या हाताखालच्या जितेशची. तो समोर आपला खण रिकामा करीत होता. तासापूर्वी निशिगंधेनेच साहेबांना कळवले होते, चूक जितेशची; आणि साहेबांनी त्याला कामावरून काढले होते. त्यानंतर तिने ती फाईल चार वेळा उघडली. अडीचच होते. चार वेळा बिल्ड केले. आठच आले.

"मॅडम, मी आठ लिहिलंच नव्हतं."

"मग काय माझ्या बापाने लिहिलं?" ती कडाडली आणि फोनकडे वळली. "बाबा, मदतीला कोन हाय?"

"कान्हू."

"ऐंशीचा म्हातारा? बाजूच्या घरात तरना आदेश हाय ना!"

"असंल. बांधावर हाक पडली की पयल्या घरात जो गावंल त्यालाच घेऊन धावायचं. मानूस गावला की पुढच्या दारात जायचं नाय. रीत हाय ती."

निशिगंधेचा हात थांबला. संगणकाचीही रीत तीच. जितेशची फाईल तिने पाहिली होती. संगणक तिथवर पोहोचतो का, हे पाहिले नव्हते.

तिने इन्क्लूड पाथची यादी उघडली. फाईल कोणकोणत्या फोल्डरांत, कोणत्या क्रमाने शोधायची, ते तिथे लिहिलेले असते. जितेशचा फोल्डर दुसरा होता. पहिला तिचा स्वतःचा: जूनमध्ये चाचणीपुरता घातलेला, काढायचा राहिलेला. त्यात त्याच नावाची जुनी फाईल. आठ.

तिने ती ओळ पुसली, बिल्ड केले, उघाडीकडे पाठवले. फोनमध्ये लोखंड करकरले.

"पडलं गो दार! दोन खाचरं गेली. बाकी वाचलं."

जितेश पिशवी घेऊन जिना उतरू लागला होता. तिने हाक मारून त्याला थांबवले आणि त्याच्यासमोरच साहेबांना फोन लावला.

"साहेब, चूक कोणाची हे शोधताना मी पहिलं दार ओलांडून पुढे गेले. पहिल्या दारात मीच होते."