कमरेएवढं धनुष्य

सारं लातूर लेकरांना क्लासच्या घाण्याला जुंपत होतं. मल्लिकार्जुनअप्पांनीही तिरंदाजीचा हट्ट धरलेल्या लेकीला, मंजुश्रीला, मैदानावर आणून बजावलं, “एकच बाण मार. चुकला, की उद्यापासून डॉक्टरकीचा क्लास.”

माणसाएवढी धनुष्यं सोडून तिनं कमरेएवढं बांबूचं उचललं.

“अगं, खेळणं हाय ते!”

ती अंग चोरून उकिडवी बसली अन् बाण सोडला. पन्नास पावलांवरच्या लक्ष्याच्या ऐन मधोमध तो थरथरत रुतला. अप्पा तिच्याकडं वळले.

“असं बसून मारायला कुठं शिकलीस गं?”

“भूकंपात ढिगाऱ्याखाली दोन दिवस अशीच तर बसले होते, अप्पा. समोर हरभऱ्याएवढं उजेडाचं भोक. त्यावरची नजर हलू दिली न्हाई. तेच फोडून तुमचा हात आत आला.”